टापटीप, सोवळं आणि मंत्रचळ



हल्ली एक शब्द घराघरांत फार सैल वापरला जातो. सुनेने डबे उंचीप्रमाणे लावले की नणंद हसत म्हणते, "वहिनीला ओसीडी आहे." कुणी चपला जोडीने लावल्या, ओसीडी. नवऱ्याला पलंगावरचा ओला टॉवेल उचलायला सांगितलं तर तोही हेच म्हणतो, आणि टॉवेल तिथेच राहतो! आजाराचं नाव घेतलं की कामातून सुटका होते, हे पुरुषमंडळींनी फार लवकर ओळखलं.

मला ही थट्टा आवडत नाही. टापटिपीला आजार म्हटल्याने टापटिपीचं फार काही बिघडत नाही. पण जिला खरोखर हा आजार आहे तिचं दुखणं त्यात हरवून जातं. आणि आपल्या समाजात तर उलटंही घडतं. आजार समोर दिसत असतो आणि आपण त्याला "केवढं सोवळं पाळते हो!" म्हणून शाबासकी देतो.

मी स्वतः नीटनेटकी आहे, हे माझ्या घरचे कुणीही सांगतील. गॅसचं पुस्तक, विजेची बिलं, विम्याच्या पावत्या वर्षावार फाइलला लावलेल्या असतात. डाळींच्या डब्यांवर भरल्याची तारीख लिहिलेली असते. रात्री ओटा पुसून, घासणी वाळत ठेवून मगच मी झोपते. पण पाहुणे आले, गप्पा रंगल्या आणि ओटा तसाच राहिला, तर मला झोप लागते. सकाळी थोडी चिडचिड होते, एवढंच. आवरून झालं की मला बरं वाटतं आणि मी दुसऱ्या कामाला लागते. त्यात काही आजार नाही.

आम्हाला बी. कॉम.ला तेरीज शिकवली होती. खतावणीतल्या सगळ्या खात्यांच्या बाकी काढायच्या, नावे आणि जमा दोन्ही बाजूंची बेरीज जुळवायची. जुळली की पुढे ताळेबंद. सर तेव्हाच सांगायचे, तेरीज जुळली म्हणजे चूक नाहीच असं समजू नका. एका चुकीने दुसरी चूक झाकली गेली असेल, एखादी नोंद करायचीच राहिली असेल. तरीही हिशेबनीस वही मिटतो. ऑडिटरसुद्धा प्रत्येक पावती तपासत नाही, निवडक तपासतो आणि सही करतो. शंभर टक्के खात्री कुणालाच नसते, आणि तिच्याशिवाय जगाचे व्यवहार चालतात. ओसीडी झालेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही. बेरीज जुळलेली डोळ्यांना दिसते, मन सही करत नाही. म्हणून पुन्हा बेरीज, पुन्हा बेरीज.

आपल्या मराठीत या आजाराला मंत्रचळ म्हणतात. नको असलेला विचार, शंका किंवा चित्र मनात घुसतं, घालवलं तरी जात नाही, जीव घाबरा होतो. ती घाबर कमी करायला माणूस काही कृती करतो: हात धुतो, कुलूप ओढून बघतो, मोजतो, मनातल्या मनात काही म्हणतो. घटकाभर बरं वाटतं, मग शंका पुन्हा येते. रोज तासाभराहून जास्त वेळ यात जाऊ लागला, किंवा घरच्या, बाहेरच्या कामांत अडथळा येऊ लागला, की डॉक्टर त्याला आजार म्हणतात. आणि बहुतेक वेळा त्या बाईला स्वतःला कळत असतं की हे जास्त होतंय. कळतं पण थांबवता येत नाही, त्यातच तिचा खरा छळ आहे. टापटिपीचा कुणाला छळ होत नाही. (काही सासवांच्या टापटिपीचा सुनांना होतो, पण तो स्वभाव. आपलंच बरोबर अशी त्यांची खात्री असते. मंत्रचळाच्या बाईला खात्री कसलीच नसते.)

आता आपल्या घरांकडे या. आपल्याकडे शुद्धीचे नियम इतरांपेक्षा जास्त, आणि मला ते प्रिय आहेत. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, जिवाणी जिथलं पाणी तिथे सोडायची. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं चालतं, उकळलेलं २४ तास. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावायचा तर धान्य शोधण्यापासून सोवळ्याच्या कपड्यांपर्यंत सगळं सांभाळायचं. आपल्या आज्या-पणज्यांनी चुलीच्या धुरात हे सगळं केलंय.

पण यातला मर्यादा हा शब्द बघा. प्रत्येक नियमाला आकडा आहे. एकदा गाळलं की ४८ मिनिटांपर्यंत पाणी गाळलेलं. ते पाच वेळा गाळा असं मी कुठल्याही स्वाध्यायात ऐकलं नाही. फडकं ताणून धरताना हात थरथरला का, एखादा थेंब बाजूने गेला का, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, असंही नाही. मंत्रचळाला मात्र मर्यादाच नसते. तो आपल्या नियमाचं सोवळं नेसून येतो, म्हणून ओळखू येत नाही.

माझ्या नात्यातल्या एका बाईंचं सांगते. नाव-गाव मुद्दाम टाळते. त्यांच्या चौक्याची आमच्याकडे ख्याती होती. आधी त्या इतरांसारखंच करायच्या. मग आंघोळ अर्ध्या तासाची दीड तासाची झाली. दळलेलं पीठ शंका आली म्हणून गायीला, पुन्हा दळण. ओट्यावर कुणाची सावली पडली तरी ओटा धुवायचा. हातांना भेगा पडल्या, मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. मुलगी शाळेतून आली की दाराशीच उभी, कपडे बदलल्याशिवाय आईजवळ जायचं नाही, आणि बदलल्यावरही आई जवळ घेईलच असं नाही. बायका म्हणायच्या, "यांच्यासारखं सोवळं कुणाला जमायचं नाही." शेवटी झालं असं, की महाराज आहारचर्येला निघायची वेळ व्हायची आणि या अजून न्हाणीघरातच. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं तो आहारच बंद पडला. चौकाच लावेनात.

घरातल्या कुणालाही वाटलं नाही की हा आजार असेल. हातांच्या भेगांसाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा हात धुता?" बाई रडायला लागल्या. त्यांनीच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

शुद्धीचा एवढा अभिमान असलेल्या आपल्याला दसलक्षणातला उत्तम शौच आठवतो ना? शौच म्हणजे शुद्धी, पण कशाची? लोभ सुटलेल्या मनाची. साबणाचा तिथे संबंध नाही. आपले महाराज तर आंघोळही करत नाहीत, दातही घासत नाहीत. अस्नान आणि अदंतधावन हे त्यांच्या २८ मूलगुणांतले दोन. बारा भावनांत अशुचि भावना आहे. हे शरीर मुळातच अशुद्ध, धुऊन धुऊन शुद्ध होणारं नाही, याचं चिंतन करायचं असतं. आणि पाणी हे आपल्यासाठी नुसतं पाणी नाही, त्यात जलकायिक जीव मानतो आपण. मग बादल्यांवर बादल्या ओतणं कुठल्या अहिंसेत बसवायचं? हे मी त्या आजारी बाईला दोष द्यायला लिहीत नाही, तिच्या हातात ते नसतं. तिला मोठी धर्मशील म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यासाठी लिहिते आहे.

आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. मंत्रचळ काही फक्त धुण्यापुसण्याचा नसतो. वेदीसमोर हात जोडले की मनात मूर्तीबद्दल घाणेरडा विचार येतो. लेकराला न्हाऊ घालताना, आपल्या हातून याला काही होईल, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. णमोकाराच्या एखाद्या पदावर लक्ष उडालं म्हणून जपमाळ पुन्हा पहिल्या मण्यापासून, आणि १०८ कधी पुरेच होत नाहीत. प्रतिक्रमण करूनही दोष राहिला असं वाटून तेच पुन्हा, पुन्हा. अशा बाईला वाटतं, आपण महापापी. ती मंदिरात जायचं सोडते आणि कारण कुणालाच सांगत नाही. भलते विचार अधूनमधून सगळ्यांच्याच मनात येतात, आपण ते सोडून देतो. मंत्रचळात ते चिकटून बसतात. ज्या बाईला असा विचार आला म्हणून धडकी भरते, तिची श्रद्धा कमी आहे असं कसं म्हणायचं? तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल तर एवढं तरी जाणा, की या दुखण्याला नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत.

उपचार दोन प्रकारचे. एक गोळ्या. त्यांचा गुण यायला दोन-तीन महिनेही लागतात, म्हणून पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून बंद करू नयेत, आणि बऱ्या वाटल्या तरी मनाने सोडू नयेत. दुसरा उपचार म्हणजे भीती वाटते त्या गोष्टीला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. हात एकदाच धुवायचे आणि बसून राहायचं. घाबर वाढते, शिगेला जाते, मग न धुताच हळूहळू ओसरते. हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने करतात. घरच्यांनी जबरदस्तीने नळ बंद करून करायचा हा प्रकार नव्हे.

घरच्यांनी काय करायचं, यावर सगळ्यांत जास्त अडतं. ती विचारते, "स्वच्छ झालं ना गं?" आपण मायेने म्हणतो, "हो, झालं." दहा मिनिटांनी तोच प्रश्न. आपल्या प्रत्येक "हो"ने तिला घटकाभर बरं वाटतं आणि आजार घट्ट होतो. तिच्यासाठी दुसरी बादली आणून देणं, तिच्या धाकाने सगळ्यांनी कपडे बदलणं, हेही तेच. पण हे एका दिवसात तोडायचं नाही, आणि चिडून तर मुळीच नाही. डॉक्टरांशी बोलून, तिला विश्वासात घेऊन कमी करत न्यायचं.

काही जणींना भीती असते की डॉक्टर धर्म सोडायला लावतील, न गाळलेलं पाणी प्यायला सांगतील. पहिल्याच भेटीत आपले नियम सांगून टाकावेत. चांगले डॉक्टर स्वतःच विचारतात, तुमच्या समाजात इतर बायका हे किती वेळा करतात? त्यांनाही तेच मोजायचं असतं. त्या नात्यातल्या बाई आजही पाणी गाळतात, सूर्यास्ताआधी जेवतात. एकदा गाळतात, इतकंच. गेल्या चातुर्मासात त्यांनी दोन वेळा चौका लावला. आधीसारखी ख्याती आता राहिली नाही म्हणे.

पैशांचंही सांगून ठेवते, कारण तो प्रश्न मला नक्की विचारला जाईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजाराप्रमाणेच विमा द्यायला सांगितलं आहे. तेव्हा पॉलिसी काढून वाचा, न कळलं तर एजंटला विचारा. आणि डॉक्टरांकडे जायचं धाडसच होत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे. नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.