पैठणीचा धागा कोठला?

आपल्या जिल्ह्यांत कपाशीच्या व मोसंबीच्या शेजारीं आतां तुतीचेही मळे दिसूं लागले आहेत. विद्यार्थिमित्रहो, रेशमाच्या किड्यांना पाला घालण्याचें काम तुमच्यांपैकीं कांहींनीं घरीं केलेंही असेल. २०१८ सालीं जालन्याच्या बाजार समितींत कोशांची खरेदी सुरू झाली. तत्पूर्वीं आपल्या शेतकऱ्यांस ते कर्नाटकांत रामनगरास न्यावे लागत. कोश उकलून धागा झाला, कीं त्याचें पुढें काय होतें, ह्याचा विचार मात्र आपण सहसा करीत नाहीं. तो विचार आपणांस पैठणी विणून विकणाऱ्या लहान विक्रेत्याच्या दारीं नेतो, आणि त्याची सध्यांची स्थिति मनन करण्याजोगी आहे.

येवला व पैठण येथील विणकर पूर्वीं आपला माल पेढीवाल्याच्या हवालीं करी व तो देईल तें मोल घेई. आज त्याच घरांतील मुलगा किंवा सून मोबाईलवर लुगड्याचें छायाचित्र काढून तें पुण्यामुंबईच्या, क्वचित् परदेशांतील मराठी गिऱ्हाइकालाही, परस्पर विकते. मधला हात गेला, हें उत्तमच झालें. परंतु ज्या कांचेवर ही पैठणी दिसते, तिच्यावरच बोट किंचित् सरकवितांच हजार रुपयांच्या आंतली दुसरी ‘पैठणी’ पुढें येते. पहिली हातमागावर कित्येक आठवडे, पदर भरजरी असल्यास कित्येक महिने, बसून विणलेली. दुसरी यंत्रमागावर निघालेली, आणि पुष्कळदां तिच्यांत रेशमाचा तंतूही नसतो. छायाचित्रांत दोन्ही मोर सारखेच नाचतात!

आतां धाग्याकडे वळूं. रेशमाच्या उत्पादनांत चीन जगांत पहिला, आपण दुसरे. चिनी धागा एकसारखा व चिवट असल्यामुळें ताण्याला तुटत नाहीं. म्हणून आपल्याकडील विणकर तो घेत आले. आयात माल स्वस्तांत आला, कीं इकडे कोशाचा भाव पडतो. २०२१ च्या अर्थसंकल्पांत कच्च्या रेशमावरील आयात-जकात शेंकडा १० वरून १५ करण्यांत आली, ती ह्याच कारणास्तव. जालन्याच्या शेतकऱ्याला त्यायोगें आधार मिळाला खरा. पण धागा महागला, कीं तो वाढीव भार विणकरावर पडतो, आणि नकली मालाच्या भीतीनें त्याला आपला दर वाढवितां येत नाहीं. शेतकऱ्याच्या तोंडचा घास राखावा, तर विणकराच्या ताटांतला कमी होतो! माझें मत असें कीं, जकात असावी. परंतु पैठणीच्या नांवावर खपणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या कापडाला तिची झळ मुळींच लागत नाहीं, आणि विणकराचा खरा वैरी तेंच आहे.

परदेशी रेशमाचा विटाळ मानण्याचें मात्र कारण नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शक ग्रंथांत चिनी रेशीम खुष्कीनें भडोचेस येत असल्याची नोंद आहे, आणि पैठणाहून गाड्यांनीं माल त्याच भडोचेस जात असल्याचेंही त्यांत लिहिलें आहे. चिनी धागा घेणें हा गुन्हा नव्हे; तो लपविणें हा होय.

येथें सरकारी खुणांचें साह्य होतें, पण अपुरें. २००४ चा सिल्क मार्क सांगतो कीं रेशीम शुद्ध आहे; २००६ चा हँडलूम मार्क सांगतो कीं कापड हातमागाचें आहे; २०१० मध्यें पैठणीला मिळालेलें भौगोलिक मानांकन नांवाचें व स्थळाचें रक्षण करतें. तो किडा जालन्याच्या तुतीवर वाढला कीं चीनच्या, हें तिन्हींपैकीं एकही सांगत नाहीं. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनीं आयात मालाचा मूळ देश दाखविणें आवश्यक केलें; परंतु आयात धागा येथें विणला गेला, कीं लुगडें देशी ठरतें, आणि प्रश्न तेथेंच मिटतो. म्हणून विक्रेत्यानें आपण होऊनच धाग्याचें मूळ, लागलेले दिवस व मागाचें गांव मालासोबत लिहावें. कांहीं जण माग चालतांनाचें चलच्चित्रही दाखवितात. हें मला फार पसंत आहे. मोठा दुकानदार त्याच्याहून स्वस्त विकूं शकेल, पण ही हकीकत तो कोठून आणणार?

पालकांनीं लग्नकार्यासाठीं ऑनलाइन पैठणी घेतांना पदराच्या मागील बाजूचें छायाचित्र मागवावें. हातविणीच्या पदरांतील मोर दोन्ही बाजूंनीं सारखाच स्वच्छ असतो; यंत्राच्या मालांत मागें बहुधा कापलेले सुटे धागे लोंबतात. आणि नकलेची किंमत दाखवून विणकराशीं घासाघीस करूं नये.

जालना ते येवला हें अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास, पैठण तर त्याच्या निम्म्यावर. असें असतां येवल्याच्या मागांना रेशीम बहुतकरून बेंगळूराकडूनच येतें. कोश उकलण्याची व धाग्यास पीळ देण्याची पुरेशी सोय इकडेच झाली, तर शेतकऱ्याचा भाव आणि विणकराचा खर्च हे एकमेकांच्या विरुद्ध उभे राहणार नाहींत. आणि येवल्याचा तो मुलगा छायाचित्राखालीं ‘धागा जालन्याचा’ असें लिहूं शकेल.