ढोल उतरवताना

आषाढ सरत आला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन नगरांची संध्याकाळ निराळ्या नादाने भरू लागते. उड्डाणपुलाखाली, एखाद्या शाळेच्या मैदानात, खाडीकाठच्या मोकळ्या जागेत ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात. मुंबईहून लोकलने उभ्याने परतलेला तरुण घरी न जाता तडक तेथे पोहोचतो, पाठीवरची पिशवी भिंतीशी ठेवतो, कमरेला ढोल बांधतो आणि पुढचे दोन तास थापी-टिपरूच्या स्वाधीन होतो. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत आपण जे पाहतो ते या संध्याकाळचे फळ असते. मात्र रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकाला एक गोष्ट दिसत नाही. गेल्या वर्षी ताशाच्या पहिल्या रांगेत असलेला चेहरा यंदा तेथे नसतो. त्याच्या जागी दुसरा आलेला असतो. नाद तोच, ध्वज तोच, म्हणून कोणाला काही चुकल्यासारखे वाटत नाही. तो तरुण का गेला, हा प्रश्न बहुतेक वेळा पथकही विचारत नाही. समाजाने तो विचारावा, असे आम्हांस वाटते.

आज दिसणारे नागरी पथक ही फार जुनी परंपरा नव्हे. ढोल जुना आहे, ताशा जुना आहे. मावळ, मुळशी, भोर या भागांतील गावांचे ढोल-लेझीम तर पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. परंतु शिकलेल्या घरांतील मुलांनी शिस्तीने सराव करून, गणवेशात, रांगेत वादन करावे ही कल्पना पुण्यात रुजली. १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन करणाऱ्या आप्पा पेंडसे यांनी विसर्जन मिरवणुकीला शाळकरी मुलांच्या पथकांची जोड दिली, ती मिरवणुकीला चांगले वळण लागावे म्हणून. पुढे पुण्यातील इतर शाळांची पथके आली, माजी विद्यार्थ्यांची आली आणि मग शाळेशी संबंध नसलेली स्वतंत्र पथकेही उभी राहिली. तेथून हे लोण घाटाखाली उतरले. डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने, आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून, गेल्या शतकाच्या अखेरीस गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली आणि ठाणे-कल्याणसह महाराष्ट्रभर तिचे अनुकरण झाले. गणेशोत्सवाखेरीज वर्षारंभालाही ढोल वाजू लागला. फडके रोडवरून जाणारी ती यात्रा पाहत मोठी झालेली पिढीच आज पथकांत उभी आहे.

गावाचे पथक आणि नगराचे पथक यांत एक मूलभूत अंतर आहे, ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. मावळातल्या मुलाला गावाचे पथक जन्माने मिळते. आजोबा ढोलाला होते, वडील झांजेला होते, मुलगा लेझमीला उभा राहतो. स्पर्धेत गाव हरले तरी तो गाव सोडत नाही. आपल्या नगरांत असे नाही. येथे बहुतेक घरे बाहेरून आलेली. कोणी कोकणातून, कोणी देशावरून, कोणी गिरणगावातील चाळ सोडून. येथील मुलाला पथक मिळत नाही, ते निवडावे लागते. आणि जे निवडता येते ते सोडताही येते. यात वाईट काही नाही. उलट स्वेच्छेने आलेला माणूस जन्माने आलेल्यापेक्षा अधिक मनापासून काम करतो. मात्र त्याला टिकवण्यासाठी गावाला जे करावे लागत नाही, ते पथकाला करावे लागते.

तरुण पथकात का येतात? ‘हौस’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. सकाळी ठरलेली गाडी, ठरलेला डबा, कार्यालयातील संगणक आणि रात्री पुन्हा तीच गाडी, या क्रमात माणसाला त्याच्या नावाने ओळखणारी जागा उरत नाही. पथकात ती मिळते. आपला हात शेजाऱ्याच्या हाताबरोबर एकाच क्षणी पडला, शंभर ढोलांचा मिळून एकच ध्वनी झाला, हा अनुभव शब्दांत सांगता येत नाही. ज्याने घेतला त्याला सांगावाही लागत नाही. तेथे अभियंत्याचा ढोल आणि रिक्षाचालकाच्या मुलाचा ढोल यांत फरक करता येत नाही. जात विचारली जात नाही, पगार विचारला जात नाही. आणि मुलींचे काय? ज्या मिरवणुकांत त्यांना एके काळी गॅलरीतूनच डोकवावे लागे, त्यांच्या अग्रभागी आज त्या ताशा वाजवतात, ध्वज नाचवतात. रात्री उशिरा सरावाहून परतणाऱ्या मुलीला पथकातील मुले तिच्या इमारतीच्या दारापर्यंत सोडतात, या विश्वासावर आई-वडील परवानगी देतात. हा विश्वास हीच पथकांची सर्वांत मोठी कमाई होय. कोणत्याही करंडकापेक्षा ती मोठी आहे.

मग हेच तरुण सोडून का जातात? काही कारणे निसर्गक्रमाची आहेत. नोकरीची पाळी बदलते, बदली होते, विवाह होतो, घरात वृद्ध आई-वडिलांचे आजारपण निघते. त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. काही कारणे शरीराची आहेत. कित्येक किलोंचा ढोल तास न् तास कमरेला बांधून चालल्यावर पाठ आणि गुडघे बोलू लागतात. कानांचे तर विचारूच नये. आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा कर्णतज्ज्ञ सांगतात. तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात, आणि भरात आलेले पथक १०० डेसिबलची पातळी सहज ओलांडते. तरीही कानात बोळे घालून वाजवणाऱ्याची थट्टा होते. विशीत ऐकण्याची शक्ती गमावलेला तरुण पथक सोडतो तेव्हा त्याला ‘दमला’ म्हणून निरोप देणे हा केवळ अन्याय आहे.

परंतु सर्वांत अधिक माणसे ज्या कारणांनी जातात ती निसर्गाची नाहीत आणि शरीराचीही नाहीत. ती आपण निर्माण केलेली आहेत. पहिले कारण स्पर्धा. स्पर्धेने वादनाचा दर्जा उंचावला हे मान्य केलेच पाहिजे. नवे ठेके बसवले गेले, ताशाची तयारी वाढली, रांगा सरळ झाल्या. पण करंडकाची ओढ लागली की पथकाच्या पोटात दोन पथके तयार होतात. एक स्पर्धेत उतरणारे आणि दुसरे ढोल वाहून नेणारे. सहा आठवडे नियमाने आलेल्या मुलाला आयत्या वेळी बाजूला करून, दुसऱ्या पथकातून फोडून आणलेला ताशावादक पुढे उभा केला जातो. तो मुलगा तक्रार करत नाही. तो फक्त पुढच्या वर्षी येत नाही.

दुसरे कारण सुपारी. वाद्यांची देखभाल, वाहतूक, गणवेश यांना पैसा लागतो, आणि मानधन घेण्यात गैर काही नाही. परंतु हिशेब कोणापुढे मांडला जातो? वादक आपला वेळ विनामूल्य देतो, कधी वर्गणीही देतो. जमा किती झाली आणि खर्च कशावर झाला, हे त्याला कळत नाही. आधी विसर्जनापुरते असलेले वादन आता आगमन सोहळ्यांपासून सुरू होते, मग उद्घाटने येतात, पुढाऱ्यांचे वाढदिवस येतात. गणरायापुढे वाजवण्यासाठी ढोल हाती घेतलेल्या तरुणाला एके दिवशी आपण एखाद्या फलकावरील छायाचित्रापुढे वाजवत आहोत असे आढळते. त्या दिवशी त्याचा हात थांबला नाही तरी मन थांबते.

तिसरे कारण जागेचे. दाट वस्तीच्या या नगरांत सरावाला मैदान नाही. जेथे जावे तेथे कोणाचे तरी घर, कोणाची तरी परीक्षा, कोणाचे तरी आजारपण. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीबद्दल शासनाला खडे बोल सुनावले. पुण्यात ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एका पथकात ३० जणांचीच मर्यादा घातली. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि पथकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मात्र स्थगिती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ज्या शेजाऱ्याची झोप आपण मोडतो तोही आपल्याच समाजाचा आहे. सराव कोठे आणि किती वाजेपर्यंत, हे पथकाने स्वतः ठरवले नाही तर ते पोलीस ठरवतात. आणि रोजच्या बाचाबाचीला कंटाळून आधी कोण जातो? भांडखोर जात नाही, सज्जन जातो.

जगात अन्यत्र काय घडते? अमेरिकेत ‘ड्रम कोअर’ नावाची स्पर्धात्मक वाद्यपथके आहेत. १९७२ पासून त्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरते. तेथील मुले हजारो डॉलर शुल्क स्वतः भरतात, उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतात. ती खर्चिक रीत आपण उचलावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यांच्याकडे एक गोष्ट आहे. विशीच्या सुरुवातीलाच तेथे वयोमर्यादा येते आणि प्रत्येकाला थांबावे लागते. सोडण्याचा दिवस आधीच ठाऊक असतो, त्यामुळे तो सन्मानाने साजरा होतो. आपल्याकडे पथकात येण्याचा सोहळा आहे, वाद्यपूजन आहे; जाण्याचा सोहळा नाही. म्हणून येथे माणूस रुसून जातो, भांडून जातो किंवा न सांगता जातो. भांडून गेलेले पाच जण पुढच्या वर्षी नवे पथक काढतात, आणि नव्या पथकाच्या पोटात तेच जुने दुखणे वाढू लागते.

संघस्थानावरील घोषाकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. आनक, पणव, वंशी, शंख, झल्लरी ही वाद्ये. सुरुवातीच्या इंग्रजी लष्करी धुनींच्या जागी पुढे भारतीय रागांवर बांधलेल्या रचना. आणि तेथे सुपारी नाही, करंडक नाही. तेव्हा घोषातून कोणी गळत नाही काय? गळतात. नोकरी तेथेही आडवी येते, कंटाळा तेथेही येतो, आणि चांगला वादक मिळाला की त्यालाच वारंवार पुढे करण्याचा मोह तेथील शिक्षकालाही होतो. ही गोष्ट आपण मोकळेपणाने मान्य करावी. पण शाखेची एक जुनी रीत आहे. जो दोन दिवस दिसला नाही त्याच्या घरी गटनायक जातो. हजेरी विचारायला नव्हे, घरी सर्व ठीक आहे ना हे पाहायला. ही रीत जेथे जिवंत आहे तेथे वाद्य सुटले तरी माणूस सुटत नाही. जेथे ती केवळ बैठकीतील वृत्तापुरती उरली तेथे आपली अवस्थाही त्या पथकांहून वेगळी नाही. दुसऱ्याच्या ढोलाचे पान सैल म्हणण्यापूर्वी आपल्या आनकाची दोरी ताणून पाहिलेली बरी.

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. मान वाढला, तशी जबाबदारीही वाढली. पथकांच्या प्रमुखांना आमची विनंती साधी आहे. जमाखर्च वर्षातून एकदा सर्व वादकांपुढे मांडावा. कानांच्या संरक्षणाची सक्ती करावी आणि ती प्रमुखाने स्वतःपासून सुरू करावी. नियमाने सरावाला आलेल्याला वादनात स्थान मिळेलच, असा नियम स्पर्धेच्याही वर ठेवावा. सरावाची वेळ शेजारच्या इमारतींशी बोलून ठरवावी. आणि वर्षातून एक संध्याकाळ सोडून गेलेल्यांसाठी राखावी. त्यांना बोलवावे, पंक्तीला बसवावे, त्यांचे ऐकावे. जे आले नाहीत त्यांच्या घरी जावे. पथक किती करंडक जिंकले यावरून त्याची परीक्षा करू नये. ज्याने ढोल उतरवला तो आज त्या पथकाचे नाव कोणत्या स्वरात घेतो, यावरून करावी.

हे केवळ पथकांपुरते नाही. वाचनालय असो, व्यायामशाळा असो, एकांकिकेचा चमू असो वा सेवावस्तीतील अभ्यासिका. आपल्या नगरांतील प्रत्येक सामूहिक काम स्वेच्छेने आलेल्या माणसांवर उभे आहे. दिवसाचे तीन-चार तास प्रवासात घालवणारा तरुण उरलेल्या वेळातील दोन तास आपल्याला देतो. त्याच्याकडे देण्यासारखे याहून मौल्यवान काही नाही. त्या दोन तासांचा हिशेब आपण त्याला दिला पाहिजे.

यंदा मिरवणूक आपल्या दारावरून जाईल तेव्हा वादन जरूर ऐकावे, दाद द्यावी. आणि मग आपल्या इमारतीतील तो मुलगा आठवावा, जो तीन वर्षे नेमाने सरावाला जात असे आणि आता त्या वेळी खिडकी लावून घरात बसलेला असतो. त्याचे दार वाजवावे. त्याला काय सांगायचे आहे, ते बहुधा आजवर कोणी विचारलेले नाही.