प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन सांगितलंय?

बुरोंडी बंदरावर कुणी ‘माझंही प्रोस्टेटचं झालंय, चार दिवसांत फिरायला लागलो’ म्हणाला, तर आधी विचारा, नेमकं कुठलं? वाढलेल्या ग्रंथीचं दुर्बिणीचं ऑपरेशन असेल, तर ती आतून फक्त कोरतात. कॅन्सरमध्ये अख्खी ग्रंथी वीर्यकोशांसकट काढतात. दोन्हींची तुलनाच नको.

घाईही नको. ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा अभ्यास झाला. त्यात कॅन्सर ग्रंथीबाहेर न गेलेले १,६४३ पुरुष होते. काहींचं ऑपरेशन झालं, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर नुसती नजर ठेवली. १५ वर्षांनी या कॅन्सरनं दगावलेले तिन्ही गटांत शंभरात दोन-तीनच निघाले. नजर ठेवलेल्यांत आजार पसरण्याचं प्रमाण मात्र दुपटीच्या आसपास होतं. तेव्हा आपला कॅन्सर कुठवर गेलाय, किती जोराचा आहे आणि हे तिन्ही मार्ग आपल्याला मोकळे आहेत का, ते डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्या.

ऑपरेशनच करायचं ठरलं, तर लघवीची नळी एक-दोन आठवडे राहते. ती निघाली की खोकताना, उठताना लघवी गळते. याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनीही पॅड वापरत होते, सहा वर्षांनी १७ टक्के. म्हणजे बऱ्याच जणांचं सुधारतं, सगळ्यांचं नाही. गळतंय म्हणून पाणी तोडू नका, दाट लघवीनं जळजळ वाढते. वारा अडवताना जे स्नायू आवळतो, त्यांचा व्यायाम ऑपरेशनआधीच शिकून घ्या. वर्षानंतरही कपडे भिजत असतील, तर त्यावर वेगळं ऑपरेशन आहे. घरात कोंडून घेऊन बसायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट मुलासमोर विचारवत नाही. म्हणून मुंबईहून आलेल्या मुलाला पाच मिनिटं बाहेर बसवा आणि बायकोला आत घ्या. वीर्य येणं कायमचं थांबतं. संबंधाला पुरेशी ताठरता ऑपरेशनआधी त्या अभ्यासातल्या ६७ टक्क्यांना होती, सहा महिन्यांनी १२ टक्क्यांना उरली. नसा वाचवल्या तरी सुधारायला वर्ष-दोन वर्षं जातात. गोळ्या आणि इंजेक्शनं आहेत, पण विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

होडीवर जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. कॅन्सर मंद असेल आणि डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणत असतील, तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत ऑपरेशन बसतं का? जाळी ओढणं सहा आठवडे तरी बंदच ठेवावं लागतं. जांघेत हर्निया होण्याची शक्यताही या ऑपरेशननंतर वाढते. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून महात्मा फुले योजनेचं विचारा.

आणि पीएसएची रक्ततपासणी. बरं वाटायला लागलं की ही तपासणी सुटते. ग्रंथी काढल्यावर हा आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. पुढे तो ०.२ वर गेला आणि फेरतपासणीतही तसाच आला, तर कॅन्सर परत डोकं काढतोय असं समजतात. तेव्हाही वेळेवर रेडिएशन दिलं, तर अनेकांचा आजार आटोक्यात येतो. रक्त द्यायला दर वेळी मुंबईला जायला नको. दापोलीत द्या, शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये, आणि रिपोर्ट डॉक्टरांना मोबाईलवर पाठवा.