शिरस्त्राणाचा नियम

खेळ म्हटला की धाडस आणि धाडस म्हटले की स्वातंत्र्य, अशी आपली समजूत असते. मग मोटारसायकलींच्या शर्यतींसारख्या बेफाम खेळावर एखाद्या राष्ट्रीय मंडळाने नियमांचा पहारा बसवावा, हे कित्येकांस विसंगत वाटते. आम्हांस मात्र त्या पहाऱ्यातच खेळाचे हित दिसते. इंग्लंडातील एक जुनी हकीकत त्यास साक्ष आहे.

तेथील ऑटो-सायकल युनियन ही संस्था १९०३ साली जन्मास आली. ब्रिटनच्या रस्त्यांवर त्या काळी ताशी २० मैलांची मर्यादा होती. म्हणून तिने १९०७ पासून 'टूरिस्ट ट्रॉफी' शर्यत आइल ऑफ मॅन बेटावर भरविली, कारण तेथील कायद्याने शर्यतीसाठी रस्ते बंद ठेवता येत. पहिल्या वर्षीचा विजेता चार्ली कॉलियर याची सरासरी गती ताशी अवघी ३८ मैल होती. पुढे वेग वाढला, आणि १९११ साली सरावातच व्हिक्टर सरिज हा स्वार प्राणास मुकला.

ब्रुकलँड्स येथील धावमार्गावरील वैद्य डॉ. एरिक गार्डनर यांस स्वारांच्या मस्तकास होणाऱ्या इजा वारंवार पाहाव्या लागत. त्यांनी कापड व लाख यांचे टणक शिरस्त्राण करवून युनियनपुढे ठेवले. युनियनने प्रथम ते धिक्कारले. परंतु लवकरच आपले मत बदलून, स्वारांचा विरोध न जुमानता, १९१४ च्या शर्यतीत ते सक्तीचे केले. चूक उमगताच ती सुधारणे आणि सुधारल्यावर रोषास न भिणे, हाच नियामक मंडळाचा खरा धर्म नव्हे काय?

खेळातील हा शहाणपणा ब्रिटनच्या सर्वसाधारण कायद्यात उतरावयास १९७३ साल उजाडावे लागले. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने शिरस्त्राण आवश्यक ठरविले; तरीही आमच्या पुण्यासारख्या विद्यानगरीत त्याविरुद्ध मोर्चे निघाले! बंद रस्त्यावर, वैद्य हाताशी असताना, कसलेला स्वारही ज्यावाचून शर्यतीत उतरू शकत नाही, ते न घालता आपली मुले भर रहदारीत निघतात, आणि आपण दारात उभे राहून 'जपून जा' एवढेच म्हणतो.

शर्यतीस मंडळ असते, घरास कोण? वाचकहो, ते मंडळ आपणच आहोत. उंबरठ्याशी एक नियम करावा, आणि कुरकुर झाली तरी तो मोडू देऊ नये.