बत्तीस रुपयांचे लेखाशीर्ष

कुंभकोणमला सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचे घर आहे. पुढे ओटा, वर कौले आणि आत खिडकीशी एक पलंग, एवढेच. डिसेंबर 2003 मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले आणि आता ‘शास्त्र’ विद्यापीठ त्याची निगा राखते. सरकारी कामानिमित्त तंजावर भागात जाणे झाले, की तासाभराची सवड काढून मी तेथे डोकावतो. रामानुजन यांच्या गणिताविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि उभी चाकरी अंदाजपत्रके तपासण्यात गेलेला माणूस. त्यामुळे त्या घरात उभा असताना माझे मन त्यांच्या समीकरणांपेक्षा एका क्षुल्लक रकमेभोवती घुटमळते. ती रक्कम आहे बत्तीस रुपये.

1904 साली शाळा संपवून रामानुजन कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात आले ते शिष्यवृत्ती घेऊन. कावेरीकाठचे हे महाविद्यालय 1854 मधले. ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणून त्याचा लौकिक होता. या मुलाने गणिताखेरीज कशातच लक्ष घातले नाही, इंग्रजीत तो नापास झाला आणि नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती गेली. आई प्राचार्यांना भेटायला गेली. प्राचार्य सौजन्याने बोलले, पण नियमापुढे त्यांचा इलाज नव्हता. एका सत्राची फी होती बत्तीस रुपये. वडील साडीच्या दुकानात कारकून. पगार महिना वीस रुपये. म्हणजे घरातली चूल दीड महिना बंद ठेवली असती, तर एका सत्राची फी निघाली असती. 1905 मध्ये हा मुलगा घरातून निघून विशाखापट्टणमला गेला. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातही तो उत्तीर्ण होऊ शकला नाही.

या कथेत प्राचार्यांना खलनायक करण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. मी त्या खुर्चीत असतो तर फाईलवर हेच लिहिले असते. शिष्यवृत्ती गुणांसाठी होती, गुण नव्हते, विषय संपला. त्रुटी निर्णयात नव्हती. ती अंदाजपत्रकात होती. गुणवत्तेसाठी एक शीर्ष होते. पण अडलेल्या विद्यार्थ्याला एक सत्र सावरून धरण्यासाठी ज्या रकमेला प्राचार्य हात घालू शकतील, असे शीर्षच नव्हते. आठ वर्षांनी, 1913 साली, मद्रास विद्यापीठाने याच पदवीहीन तरुणाला दरमहा 75 रुपयांची संशोधनवृत्ती दोन वर्षांसाठी दिली. नियमाप्रमाणे पदवी हवी होती, परंतु वाट काढण्यात आली. वाट निघू शकते, हे त्यावरून सिद्ध होते. मधली आठ वर्षे मात्र आजारपण, शिकवण्या आणि अखेर बंदरखात्यातली तीस रुपयांची कारकुनी यांत गेली.

आता आजच्या विद्यापीठांकडे वळू. एका विद्यापीठाच्या वित्त समितीवर मी काही वर्षे शासननियुक्त सदस्य होतो. नाव सांगत नाही, कारण जे सांगतो आहे ते बहुतेक ठिकाणी असेच चालते. केंद्राकडून येणारे अनुदान तीन वाटांनी येते: वेतन, सर्वसाधारण आणि भांडवली मालमत्तेची निर्मिती. वेतनाला कोणी हात लावत नाही, लावूही नये. भांडवली खर्चाला इमारत लागते, उद्घाटन लागते. त्याची काळजी घेणारे पुष्कळ असतात. विद्यार्थ्यांच्या सोयी म्हणजे खाणावळ, दवाखाना, वसतिगृहाची डागडुजी, समुपदेशक, गरजूंना मदत. हे सारे ‘सर्वसाधारण’मध्ये बसते आणि त्याच बाकावर शेजारी बसलेले असते विजेचे बिल. विजेचे बिल भरले नाही तर वीज जाते. समुपदेशकाची जागा भरली नाही तर काहीच होत नाही. निदान त्या आर्थिक वर्षात तरी नाही. सुधारित अंदाजाच्या वेळी वीज आणि सुरक्षारक्षकांचा खर्च वाढला, की पुनर्विनियोजनाचा एक साधा प्रस्ताव येई आणि विद्यार्थी कल्याणाची तरतूद निम्म्याहून खाली उतरे. समितीत त्यावर चर्चा होत नसे. चहा येई. मीही सही केली आहे, हे नमूद केले पाहिजे.

दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी. प्रवेशाच्या पावतीवर वैद्यकीय, ग्रंथालय, जिमखाना, विद्यार्थी साहाय्य निधी अशा ओळीने रकमा असतात. पालक त्या निमूटपणे भरतात. एकदा मी सहज विचारले, की साहाय्य निधी म्हणून जमा झालेल्या रकमेतून प्रत्यक्ष साहाय्य किती झाले? लेखाविभागाने प्रामाणिक उत्तर दिले: स्वतंत्र खाते नाही, जमा सर्वसाधारण निधीत मिसळते. ज्या नावाने पैसा घेतला त्या नावाने तो खर्ची पडला की नाही, हे सांगता येत नसेल, तर देणग्या मागायला आपण कोणत्या तोंडाने जाणार? निधी उभारण्याची पहिली पायरी दारोदार फिरणे ही नसून हे वेगळे खाते उघडणे ही आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

या बाबतीत तंजावरच्या मराठ्यांकडे काही शिकण्यासारखे होते. बाहेरगावी राहणाऱ्या आपल्या वाचकांना सरफोजीराजे सरस्वती महालामुळे ठाऊक असतात. त्यांची छत्रे तितकीशी ठाऊक नसतात. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांनी 1802 च्या सुमारास उभारले. तेथे वाटसरूला अन्न मिळे, आजाऱ्याला औषध आणि विद्यार्थ्याला जेवणासह शिक्षण. या भूतदयेइतकीच मला तिची आर्थिक बांधणी महत्त्वाची वाटते. छत्रांना जमिनी लावून दिलेल्या होत्या. विद्यार्थ्याचे ताट त्या जमिनीच्या उत्पन्नातून वाढले जाई. राजवाड्याच्या त्या वर्षीच्या मर्जीवर ते अवलंबून नसे. 1855 नंतर राज्य खालसा झाले, पण छत्रे मागे राहिली. पुढे त्यांचा कारभार जिल्हा बोर्डाकडे गेला आणि तिरुवैयारूचे राजाज् कॉलेज 1881 मध्ये निघाले ते याच छत्रांच्या निधीवर. राज्य गेले तरी खाते चालू राहिले, अशी उदाहरणे आपल्या इतिहासात फार नाहीत.

जमीन आणि रोख यांतला फरक येथे ध्यानात घ्यावा. धान्य महागले की जमिनीचे उत्पन्नही वाढते, म्हणून ताटातला भात कमी होत नाही. आपण मात्र आज रोख ठेव ठेवतो. समजा, एका दात्याने 25 लाख रुपये दिले आणि बँकेने सहा टक्के व्याज दिले, तर वर्षाला दीड लाख येतात. महागाई पाच टक्के असेल आणि आपण दीडच्या दीड लाख वाटून टाकले, तर पंधरा वर्षांत त्या दीड लाखाची खरी किंमत निम्म्याहून खाली जाते. जुन्या महाविद्यालयांत काळ्या फळ्यांवर सोनेरी अक्षरांत पारितोषिकांची नावे असतात. ज्या रकमेत एके काळी मुलाचे वर्ष निघे, तिच्यात आज एक वही येते. दात्याची चूक नव्हती. व्याजाचा काही भाग मूळ रकमेत परत घालण्याचा नियम कोणी केला नाही, इतकेच. हा नियम एका ओळीचा आहे. तो देणगीपत्रातच लिहून घ्यावा.

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊरावांनी दुसरी वाट धरली. साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगसाठी त्यांनी खेड्यापाड्यांतून मूठ मूठ धान्य गोळा केले, मुलांना कामाची सवय लावली आणि अडचणीच्या वेळी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रही विकले गेले. आपण व्याख्यानांतून मंगळसूत्राचा गौरव करतो. मला मुष्टिधान्याचे अधिक कौतुक आहे. मंगळसूत्र एकदाच विकता येते. मूठ दर हंगामाला येते. आजच्या माजी विद्यार्थी संघांनी पाच-दहा मोठ्या दात्यांच्या मागे लागण्याऐवजी दोन हजार जणांकडून दरमहा तीनशे रुपये घ्यावेत. वर्षाचे बहात्तर लाख होतात, आणि दोघे-चौघे थांबले तरी खाणावळ थांबत नाही.

मोठे दाते वाईट असतात असे नव्हे. पण त्यांना कमान आवडते. एक सद्गृहस्थ आमच्याकडे प्रवेशद्वारासाठी घसघशीत रक्कम घेऊन आले होते. मुलींच्या वसतिगृहाच्या न्हाणीघरांचे नळ बदलायचे होते, ते आम्ही सुचवले. ते हसले आणि म्हणाले, “साहेब, नळावर नाव कुठे घालू?” प्रवेशद्वार झाले. चांगले दिसते. 2013 च्या कंपनी कायद्यानंतर उद्योगांकडून सामाजिक खर्चाचा पैसाही येऊ लागला. तोही बहुतेकदा ज्याचे छायाचित्र निघते त्याच वस्तूकडे वळतो.

परदेशस्थ वाचकांपैकी काहींनी पत्राने विचारले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तुमचे पारपत्र भारतीय असेल आणि पैसा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत येत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. पारपत्र बदलले असेल, तर भारतीय वंशाचे असूनही कायद्याने तुम्ही परकीय स्रोत ठरता आणि घेणारी संस्था परकीय अंशदान कायद्याखाली पात्र असावी लागते. 2020 च्या दुरुस्तीपासून अशा संस्थेला ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच स्वीकारावी लागते. आधी हे विचारावे, मग धनादेश लिहावा. आणि सोबतच्या पत्रात ‘शिक्षणासाठी’ असे मोघम न लिहिता ‘खाणावळीच्या थकबाकीसाठी’ असे नेमके लिहावे. मोघम शब्द सर्वसाधारण निधीत फार लवकर विरघळतात.

रामानुजन यांनी असे नेमके पत्र लिहिले होते. डिसेंबर 1918 मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना वर्षाला 250 पौंड देऊ केले. ते तेव्हा इंग्लंडमध्ये, आजारी. जानेवारी 1919 मध्ये त्यांनी कुलसचिवांना कळवले, की ही रक्कम गरजेपेक्षा जास्त होईल. पन्नास पौंड आईवडिलांना द्यावेत आणि आवश्यक खर्च भागून उरेल ते गरीब व अनाथ मुलांची शाळेची फी कमी करण्यासाठी आणि शाळांत पुस्तके देण्यासाठी वापरावे. पुढच्याच वर्षी, 26 एप्रिल 1920 रोजी ते गेले. त्यांच्या नावाने कुंभकोणमला 2005 पासून दहा हजार डॉलर्सचा पुरस्कार दिला जातो, बत्तीस वर्षांपर्यंतच्या गणितज्ञांना. पुरस्कार मोलाचा आहे आणि तो बंद व्हावा असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांनी मागितली होती ती फी.

ज्या समितीवर सध्या मी आहे, तिच्या पुढील बैठकीसाठी एक टिपणी पाठवली आहे. साहाय्य निधीचे स्वतंत्र खाते, त्यातून पुनर्विनियोजनास मनाई, एक चतुर्थांश व्याज मूळ ठेवीत जमा, आणि एका सत्राच्या फीइतकी रक्कम गुणपत्रिका न पाहता मंजूर करण्याचा अधिकार विभागप्रमुखाला. शेवटच्या कलमावर लेखाधिकाऱ्यांचा आक्षेप आला आहे: दुरुपयोग होईल. होईलही, शंभरात पाच-सात. टिपणी विषयपत्रिकेवर अकराव्या क्रमांकावर आहे, विजेच्या बिलाच्या खाली.