न्हाणीघर कुणाला सुचलं नाही?

'बायकांसाठी संडास नाही' हे उत्तर वस्तीत काम करताना मी रोज ऐकते. स्त्री अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनच्या खटल्यात सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात तेच दिलं! रशियन बनावटीच्या युद्धनौकांवर बायकांसाठी न्हाणीघरं नाहीत, म्हणून समुद्रावर पाठवता येत नाही. १७ मार्च २०२० रोजी न्यायालयाने हे फेटाळलं.

मला चीड येते ती तारखा पाहून. नौदलात स्त्री अधिकारी आल्या १९९२ मध्ये. 'तलवार' वर्गातल्या फ्रिगेट युद्धनौकांचा रशियाशी करार झाला १९९७ मध्ये. तोफा, क्षेपणास्त्रं, हेलिकॉप्टरची जागा, सगळं ठरवून मागवलं. न्हाणीघर तेवढं राहिलं?

ब्रिटनची 'ब्रिलियंट' फ्रिगेट १९८१ ची, पुरुषांसाठीच बांधलेली. ऑक्टोबर १९९० मध्ये तिच्यावर स्त्रिया रुजू झाल्या आणि जानेवारीत त्याच नौकेवरून आखाती युद्धात गेल्या. (विरोध नौसैनिकांच्या बायकांनीही केला होता, हे आपण लपवू नये.)

आपल्याकडे २०२१ मध्ये स्त्री अधिकारी 'विक्रमादित्य'वर रुजू झाल्या. ती विमानवाहू नौकाही रशियातूनच आलेली.