उल्हास नदीची अमानत



मुंबईच्या लोकलमधून जाणाऱ्यांना कल्याण हे नाव रोज कानावर पडते. आपल्यापैकी कित्येकांसाठी कल्याण म्हणजे गाडी बदलण्याचे जंक्शन. इथून एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. पण रेल्वे कल्याणला आली ती १ मे १८५४ रोजी. त्याआधी जवळजवळ दोन हजार वर्षे बाहेरचा माणूस या गावात यायचा तो बहुधा पाण्यावरून. खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत कल्याणला येते, इथे तिची खाडी होते आणि पुढे ती वसईजवळ समुद्राला मिळते. त्या खाडीने कल्याणला बंदर बनवले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या सागरी प्रवासपुस्तिकेत या बंदराची नोंद आली. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका राजाच्या काळात कल्याणची पेठ परदेशी व्यापाऱ्यांना रीतसर खुली होती. पुढे सत्ता बदलली, व्यापारावर बंधने आली आणि चुकून इथे लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले. खुल्या काळात मात्र नाणेघाटाची वाट चढून माल जुन्नरकडे जायचा. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी आणि सोनारांनी दिलेल्या दानाचे लेख कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत कोरलेले आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ख्रिस्ती प्रवाशाने इथले पितळ आणि कापड यांचा उल्लेख केला आणि इराणहून नेमलेला बिशप इथे राहतो, असेही लिहून ठेवले. म्हणजे बौद्ध दान देणारा सोनार, इराणी पाद्री आणि समुद्रापलीकडचे सौदागर, या सर्वांना या खाडीने थारा दिला.

अरब सौदागर कोकणच्या बंदरांत आले, इथल्याच मुलींशी त्यांचे निकाह झाले, इथलीच भाषा त्यांच्या मुलाबाळांची मातृभाषा झाली. कोकणी मुसलमान आणि नवाइत ही नावे त्याच इतिहासाची साक्ष देतात. पुढे मुस्लिम राजवटीत कल्याणला 'इस्लामाबाद' हे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी कल्याणच राहिले. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली. त्या आरमारात पुढे दौलतखानासारखा मुसलमान दर्यावर्दी सरदार म्हणून वावरला. १६८९ मध्ये मोगलांच्या वतीने मातबरखानाने कल्याण जिंकले. तो नवाइत घराण्यातला होता. त्याची कबर आजही कल्याणातच आहे, आणि शेणाळे तलावाच्या काठावर काळ्या दगडाची मशीद उभी आहे.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. ती इतिहासाच्या कसोटीवर किती उतरते, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण मराठी माणसाने आपल्या राजाची आठवण कशी जपली, ते त्या गोष्टीतून कळते. शत्रूच्या घरातल्या मुसलमान स्त्रीची अब्रू राखणारा राजा, अशीच ती आठवण आहे. हे आपल्या मुलांना जरूर सांगावे.

याच कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन त्यांनी या देशातल्या मुलींपुढे दार उघडले. जवळच्या मलंगगडावर हाजी अब्दुर्रहमान मलंग यांचा दर्गा आहे. तिथली वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे राहिली. १९४७ नंतर सिंधमधून उखडून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरली. त्या छावण्यांचे १९४९ मध्ये शहर झाले आणि त्याला नाव मिळाले ते नदीचेच : उल्हासनगर.

हे सगळे सांगण्याचे कारण आहे. हल्ली 'मूळचे कोण आणि बाहेरचे कोण' हा प्रश्न फार विचारला जातो. गडाच्या नावावरून, किल्ल्यावरून वाद होतात, कोर्टकचेऱ्या होतात. आमची मुलेही वर्गात कधीकधी विचारतात, 'आपण इथले का?' आम्ही त्यांना कल्याणचा इतिहास सांगतो. या गावात कोणी गलबतातून आले, कोणी घाट उतरून, कोणी आगगाडीतून. जो आला, राहिला आणि ज्याने इथल्या मातीत घाम गाळला, तो इथला झाला. हे गाव असेच तर मोठे झाले.

मात्र त्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगणे आमचे काम आहे. आपण इथले असू, तर इथल्या नदीची जबाबदारीही आपली आहे. रेल्वे आली आणि गावाने खाडीकडे पाठ फिरवली. कारखान्यांचे, रंगाईचे आणि गटारांचे पाणी वालधुनी नदीत आले आणि वालधुनी ते कल्याणच्या खाडीत आणून सोडते. उन्हाळ्यात उल्हासच्या पात्रावर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. ती दिसायला सुंदर असते, पण पाण्यात सांडपाणी फार झाल्याची ती खूण आहे. २६ जुलै २००५ चा पूर कल्याणकर विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान याच नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. नदीची जागा आपण भराव टाकून अडवली, तर पावसाळ्यात ती आपल्या घरात येणारच.

कल्याण-डोंबिवलीच्या नळाला येते ते उल्हासचे पाणी. त्याच पाण्याने आपण वुजू करतो, त्यानेच शेजारच्या घरी देवाला अभिषेक होतो आणि त्यातच दोन्ही घरांतल्या बाळांचे दूध पातळ होते. वाहत्या नदीच्या काठावर बसलेले असलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, ही आपल्या प्यारे नबी (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग नदीच नासवण्याचा गुन्हा केवढा असेल?

म्हणून सुरुवात आपल्या घरापासून करू या. वुजू करताना नळ धो-धो सोडू नये. बकरी ईदला ओझडी आणि इतर घाण नाल्यात न टाकता पालिकेच्या गाडीतच द्यावी. मोहल्ल्यात खाडीलगत भराव पडत असेल, तर चार शेजाऱ्यांनी, हिंदू-मुसलमान दोघांनी मिळून, पालिकेकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना मॉलऐवजी शेणाळे तलाव, काळी मशीद आणि खाडीचा काठ दाखवावा. आपल्या गावाची ओळख झाली की त्याची काळजी आपोआप वाटू लागते.

ज्या पाण्याने आपल्या पूर्वजांना या किनाऱ्यावर आणून वसवले, ते पाणी आपल्याकडे अमानत आहे. ती अमानत पुढच्या पिढीच्या हाती स्वच्छ सोपवण्याची तौफीक अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.